माझ्या वाटणीचा सा

…न्हाई न्हाई, तुमीच सांगा, ह्याला काय इन्साफ म्हणायचा का? मिसरूड फुटल्यापासून ते पांढरं होईस्तोवर शनिवारच्या भजनात पुढं बसून चाल सांगणारा माणूस मी. मी वर गेलो की समदे वर, मी खाली आलो की समदे खाली, मी मधीच खोकललो तर समदे खोकलायचे, त्यायला वाटायचं चालीतच हाय! आन् त्या माणसाला, तुमाला सांगतो, भरल्या हॉलमधी, समद्या मानवत गावाच्या देखत, वाटणीत काय दिलं? सा! सारेगमप म्हणतेत ना, त्यातला पयला. रे न्हाई, ग न्हाई, एक फुटका म न्हाई. निस्ता सा!

हसू नका. पयल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमी म्हणसाल सीतारामाला वयामुळं चळ लागलाय.

तर आमच्या मानवतात विष्णुपंत म्हणून रिटायर गुरुजी हायत. लय सज्जन माणूस. इतका सज्जन की कुत्रं आडवं आलं तर "क्षमा असावी" म्हणून वळसा घालून जातेत. त्यांची सून उत्तरा. पुण्याकडची, गाणं शिकलेली, इथं कॉलेजात गाणं शिकवायला लागली. आता पुण्याकडून मानवतात माणूस आलं की ते आधी ऊन, धूळ आन् एसटी ह्या तिघांवर बोलतंय. ही पोरगी तिघांवर एक शब्द बोलली न्हाई. मी तवाच ओळखलं, हिच्या डोक्यात कायतरी दुसरंच शिजायलंय.

आन् तसंच निघालं! परभणीला नाट्यगृहात समूहगानाची स्पर्धा व्हती. ही आली आमच्या भजनी मंडळात, आन् तिथून गेली बायकांच्या भजनी मंडळात, आन् दोन्हीकडं एकच बोलली: "आपण सगळ्यांनी मिळून गायचं. स्त्रिया आणि पुरुष, एकत्र." आता तुमाला सांगतो, आमच्याकडं बायका आन् गडी एकत्र फकस्त दोन ठिकाणी बसतेत, एक एसटीत आन् दुसरं दवाखान्यात. तरी बी समदे तयार झाले. कामून? तर गडी म्हणले, बायकायला दाखवतो गाणं कशाला म्हणतेत. आन् बायका म्हणल्या, गड्यायला दाखवतो.

गाणं पंतांनीच लिहिलेलं. कापूस वेचणीचं.

"फुटलं बोंड गं बाई, फुटलं बोंड,
शिवाराचं झालं बघा पांढरं तोंड…"

पंतांनी शिवार बघितलं ते एसटीच्या खिडकीतून, ते बी वाऱ्याची बाजू सोडून. मी म्हणलं, "पंत, तोंड पांढरं भाव ऐकल्यावर पडतंय, बोंड फुटल्यावर न्हाई." तर म्हणले, "सीतारामजी, ही उत्प्रेक्षा आहे." मी म्हणलं, "असू द्या, असू द्या, औषध घेतलं की जाईल."

पण खरी गंमत पुढंच हाय. पयल्या दिवशी शाळेच्या हॉलमधी समदे जमलो, सतरंजीवर हिकडं गडी, तिकडं बायका, मधी पेटी. उत्तरा मॅडम म्हणली, "आता मी तुम्हाला अरेंजमेंट समजावून सांगते." समदे गप. "अरेंजमेंट म्हणजे…" तिनं सासऱ्याकडं बघितलं. पंत म्हणले, "स्वरसंयोजन." समदे आणखीनच गप. मग त्या बिचारीनं, सोपं करून सांगावं ह्या चांगल्या बुद्धीनं, तोंड उघडलं, आन् म्हणली…

"म्हणजे बघा, आवाजांची वाटणी!"

झालं! अगं माय माझे, कुठं बोललीस आन् काय बोललीस! वाटणी हा शब्द आमच्याकडं असा मोकळा सोडायचा नसतो बाई, त्याला दावं बांधून धरायचं असतंय! समदा हॉल एका झटक्यात ताठ झाला. भिंतीला टेकलेले पुढं सरकले. माणिकरावांनी टोपी सारखी केली. पार्वतीबाईनं पदर खोचला. मागून एकजण इचारायलाय, "मोजणी कवा हाय?"

हे माणिकराव म्हणजे आमच्यातले मोठे शेतकरी, मिशी अशी की समोरून येणाऱ्यानं वाट सोडावी. आन् पार्वतीबाई म्हणजे त्यांची सख्खी बहीण, गावातच दिलेली. बापाच्या जिमिनीत हिनं भावाला हक्कसोड करून दिलं, कागदावर अंगठा… न्हाई, सही केली, शिकलेली हाय, म्हणजे कळून सवरून केली. तवापासून दर राखीला भाऊ साडी घेतो, आन् ती साडी समोर धरून म्हणती, "दादा, ह्या साडीत किती एकर बसतंय रे?" अशी ही दोघं. आन् त्यांच्या देखत ही पोरगी वाटणी म्हणाली!

मग तिनं वाटणी करायला सुरुवात केली. चार भाग. बायकांचा वरचा आवाज, बायकांचा खालचा आवाज, गड्यांचा वरचा आवाज, गड्यांचा खालचा आवाज. चौघं चार वेगवेगळे सूर एकाच टायमाला म्हणणार. मी म्हणलं, "मॅडम, चार माणसं एकाच टायमाला चार गोष्टी बोलायलेत, त्याला आमी भांडण म्हणतो." तर हसून म्हणती कशी, "काका, जुळवून केलेलं भांडण, तेच हे!" आता हे मातर मला पटलं. पोरगी हुशार हाय, माझी तक्रार तिच्या अकलेबद्दल न्हाईच. माझी तक्रार सा बद्दल हाय!

माणिकरावांना तिनं वरचा प दिला. पार्वतीबाईला ग, आन् मधून मधून रे. मी आपला खाकरून, गळा साफ करून, मांडी बदलून तयार. म्हणलं आता राहिली ती चाल, ती आपलीच, ती दुसऱ्या कुणाला पचणार हाय?

"मॅडम, चाल?"

"चाल वरच्या आवाजाकडे. म्हणजे काकूंकडे."

"कोणच्या काकू?"

"तुमच्याच!"

आमची सगुणाबाई! तिकडं तिसऱ्या नंबरला बसलेली. तुमाला सांगतो, ती माझ्याकडं बघून अशी हसली, अशी हसली, लग्नाच्या फोटोत बी इतकं हसली न्हाई. त्या फोटोत तर रडायलीच हाय.

"आन् मला?"

"तुम्हाला सा."

"सा, आन् पुढं?"

"पुढेही सा."

"आन् शब्द? बोंड, शिवार, पांढरं तोंड?"

"शब्द नाहीत काका. तुम्ही फक्त सा म्हणत राहायचं. शेवटपर्यंत. सा म्हणजे पाया. सगळी इमारत त्याच्यावर उभी!"

पाया! वास्तुशांतीला आलेला माणूस पायाला हात लावून बघतो का वो? तो फरशी बघतो, रंग बघतो, आन् जिलबी कुठं हाय ते बघतो. पाया कोण बघतंय? पाया फकस्त भिंतीला चीर पडल्यावर आठवतो लोकायला, ते बी शिव्या द्यायला! समद्यायला कायतरी आलं, चाल आली, प आला, ग आला, रे आला. आन् माझ्या वाटणीला काय आलं? सा! निस्ता सा!

आता तुमी म्हणसाल, आबा, इतकं काय मनाला लावून घ्यायचं? गाणंच हाय. तर ते बी सांगतो. मला दोन पोरं, परमेश्वर आन् नागनाथ. दोघांची भांडणं व्हायला लागली म्हणून मी जिमीन वाटून दिली. ह्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, तिकडं थोरल्याची, हिकडं धाकल्याची. विहीर एकच, मग विहिरीला पाळी लावली. आन् आमी दोघं नवरा-बायको? आमाला बी पाळीच! एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकल्याकडं. पाणी आन् म्हातारं, दोन्ही टायमावर पुढच्याकडं सोडून द्यायचं. सातबाऱ्यावरून माझं नाव निघालं, तवा तलाठ्याला वाटलं म्हातारा रडतोय का काय. मी कशाला रडू? मी त्याला म्हणलं, "लेका, माझ्या नावावर चाल हाय चाल! ती कोणाचा बाप वाटून घेतोय!"

आन् घेतली की वो! बापानं न्हाई, बायकोनं घेतली!

पण मी बी सीताराम हाय. म्हणलं ठीक हाय, वाटणी ती वाटणी. खडकाळ आली म्हणून काय पडीक ठिवायची? कसायची! अशी कसायची की देणाऱ्याला पस्तावा व्हावा! दुसऱ्या दिवशीपासून मी सा सुरू केला. सकाळी उठलो की सा. दात घासताना सा. सून म्हणली, "आबा, चहा देऊ का?" मी म्हणलं, "साऽऽऽ!" ती बिचारी साखरेचा डबा घेऊन आली. कापसाच्या जिनिंग मिलचा भोंगा वाजला की मी ओट्यावर उभं राहून त्याच्याबरोबर सा लावायचो. गल्लीतले लोक म्हणायलेत, जिनिंगवाल्यानं दुसरा भोंगा घेतला वाटतं. डोळे दाखवायला परभणीला गेलो तर एसटीत कंडक्टर इचारतो, "बाबा, कुठं?" मी म्हणलं, "साऽऽऽ." तो म्हणतो, "सेलूची गाडी मागं हाय, उतरा!"

सगुणा चिडली. "आवं, ती पोरगी हॉलमधी म्हण म्हणली, घरात कशाला बोंबलायलाव?"

"माझी वाटणी हाय, मी कसायलो. तुझी चाल तू कस."

"मग धुऱ्याच्या पलीकडं जाऊन कसा. शेजारची म्हैस दूध देईना झाली."

खरंच देईना झाली व्हती. पण त्यात माझा काय दोष? म्हशीला बी चालीची सवय व्हती, सा ची न्हाई!

एवढं करून बी चाल काय परत येईना. मग मी माझं जुनं काम सुरू केलं. जुनं काम म्हणजे काडी लावायचं. तुमाला ठाव हाय, मी कुणाचं वाईट करत न्हाई, फकस्त कुठं निखारा हाय का ते बघतो आन् जरासक फुंकतो. आधी गेलो माणिकरावाकडं. म्हणलं, "माणिकराव, राग मानू नका, पण तुमाला एक सूर दिला, आन् पार्वतीबाईला दोन. ग बी आन् रे बी. हिशोबानं भावाला जास्त यायला पायजे का बहिणीला?" माणिकरावांची मिशी अशी थरथरली, म्हणलं पेटली! मग तिथून गेलो पार्वतीबाईकडं. म्हणलं, "बाई, तुमच्या भावाला प आलाय, वरचा, हमरस्त्याला लागून. तुमचा ग असा मधल्या गचपणात, तिकडून बी वाट न्हाई, हिकडून बी वाट न्हाई." आन् घरी येऊन निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी हॉलमधी काय तमाशा! गाणं सुरू झालं, आन् माणिकराव प सोडून हळूच खाली सरकायलेत. आपण धुरा कोरतो ना, नांगर वळवताना दर वर्षी नांगराची एक ओळ पलीकडं, कुणाच्या लक्षात येऊ न देता? अगदी तसंच! प वरून म, म वरून ग, गेले की बहिणीच्या हद्दीत! पार्वतीबाईनं सूर तोडला आन् उभीच राहिली.

"दादा! माझ्या ग मधी पाय ठिवायचा न्हाई!"

"तुझ्या बापानं लिहून दिलाय का ग?"

"बाप एकच हाय आपला, तोंड सांभाळून बोल! जिमिनीत मी हक्कसोड करून दिलं. गाण्यात देणार न्हाई!"

"अगं तुला दोन सूर दिलेत, मला एक!"

"मग घे की रे! घे! माझा रे घे, आन् त्या बदल्यात नाल्याकडचा तुकडा दे!"

बायका पार्वतीबाईच्या मागं, गडी माणिकरावाच्या मागं. कोणी म्हणायलंय फेरमोजणी करा. कोणी म्हणायलंय पंच बोलवा. पंत मधी पडले, "अहो बंधूंनो, भगिनींनो, संगीतामध्ये वाटणी हा शब्द लाक्षणिक अर्थाने…" त्यांचं कोण ऐकतंय! ते बोलता बोलता पेटीवर टेकले, तर पेटी बी भ्यांऽऽ करून रडली. आन् मी? मी आपला डोळे मिटून, शांतपणे, योग्याप्रमाणं… साऽऽऽ.

उत्तरा मॅडम मधीच उभी व्हती. मला वाटलं आता ही रडणार, आन् खरं सांगतो, जरासं वाईट बी वाटलं. पण ती रडली न्हाई. समदं ऐकत राहिली, ऐकत राहिली, आन् एकदम टाळी वाजवून म्हणली, "तुमच्याकडे सामाईक विहिरीचं काय करता?"

समदे थांबले. माणिकराव म्हणले, "काय करणार? पाळी लावतो."

"विहिरीची वाटणी करत नाही?"

"विहिरीची कशी वाटणी करणार? पाणी काय कापता येतंय व्हय?"

"मग चाल म्हणजे विहीर!" ती म्हणली. "पहिली ओळ काकूंची पाळी. दुसरी पार्वतीबाईंची. तिसरी माणिकरावांची. ज्याची पाळी नाही त्यानं आपापल्या शेतात थांबायचं, आपला सूर धरून. दुसऱ्याच्या पाळीत मोटार चालू करायची नाही."

आयला! समद्यायला असं पटलं, असं पटलं, जणू जन्मापासून हेच गाणं गायलेत. पार्वतीबाई म्हणली, "हे बरं हाय. पाळीत मला कोण हात लावील त्याला बघते." माणिकराव म्हणले, "पाळीचा माणूस मी हाय, मी दुसऱ्याची पाळी मोडत न्हाई." खोटं! लय वेळा मोडलीय! पण म्हणू दिलं.

आन् मी इचारलं. जीव मुठीत धरून इचारलं. "मॅडम, आन् माझी पाळी?"

"शेवटची ओळ तुमची, काका. सगळे थांबतील. पेटी थांबेल. फक्त तुम्ही. 'चला घरी आता, ओटी भरली.'"

तुमाला सांगतो, त्या दिवशी मी घरी चालत गेलो का उडत, ठाव न्हाई. समदे थांबणार! निस्ता मी! सोन्यासारखी ओळ. वेचणाऱ्या बाईची ओटी कापसानं भरलीय, दिवस कलायलाय, आन् ती म्हणती चला घरी. आन् ते म्हणणार कोण? सीताराम! मी दोन्ही पोरायला सांगितलं, "परभणीला यायचं. दोघायनी. बापाची चाल ऐकायची." म्हणलं बघू द्या लेकायला, बापाच्या नावावर अजून काय हाय ते.

ओळ पाठ केली. शंभरदा म्हणली. पण आता ध्यान द्या, ओळ एक, आन् बाकी आख्खं गाणं काय म्हणायचं? सा! दहा मिनिटाच्या तालमीत ओळ येणार एकदा, बाकी साऽऽ साऽऽ साऽऽ. आन् घरी बी ती सवय लागलेली, सून चहा इचारते तर गळा आपोआप सा लावतो. पण मी म्हणलं, असू द्या, पाळी आली की मोटार आपणहून सुरू व्हईल.

परभणीचं नाट्यगृह. आत थंडगार, बायकांना फेटे, गड्यांना बी फेटे. माणिकरावांनी स्वतःचा फेटा इतका मोठा बांधला की मागची ओळ दिसेना. समोर परीक्षक, लांबून बोलवलेले एक मोठे गवई, शाल पांघरून, डोळे मिटून बसलेले. झोपले असावेत. आन् मधल्या रांगेत माझी पोरं, परमेश्वर ह्या खुर्चीत, नागनाथ त्या खुर्चीत, मधी दोन खुर्च्या रिकाम्या. धुरा सोडून बसले व्हते!

गाणं सुरू झालं. सगुणानं पयली ओळ उचलली, आन् खोटं कशाला बोलू… चांगली म्हणली. लय चांगली. मला माहीत व्हतं ती चुलीपुढं गुणगुणती, तालमीत बी दबूनच म्हणायची, पण असा मोकळा आवाज? ह्या बाईनं इतकी वर्सं हा आवाज कुठं ठिवला व्हता, डब्यात? पार्वतीबाईची पाळी आली, पार्वतीबाईनं म्हणली. माणिकरावांची आली, त्यांनी म्हणली, आन् नवल म्हणजे बहिणीच्या ग मधी एक पाऊल टाकलं न्हाई. आन् मी खाली, इमारतीच्या पायात, साऽऽऽ धरून. म्हणलं येऊ दे, येऊ दे आता.

आली! समदे थांबले. पेटी थांबली. नाट्यगृह गपगार. उत्तरा मॅडमनं माझ्याकडं हात केला. मी छाती भरून घेतली. पोरांकडं बघितलं. दोघं बी माझ्याकडंच बघायलेत, पयल्यांदा दोघं एकाच दिशेला बघायलेत! आन् मी तोंड उघडलं, "चला घरी आता" म्हणायला तोंड उघडलं, आन् गळ्यातून काय बाहेर पडलं?

साऽऽऽऽऽऽ!

अरे बाबा! ओळ आठवते की! डोळ्यापुढं दिसते! पण गळा म्हणतोय मी माझी वाटणी सोडणार न्हाई! आन् आता मधीच थांबायचं कसं? थांबलं तर समद्यायला कळणार. म्हणून मी धरूनच ठिवला. साऽऽऽऽ. घाम पाठीतून खाली. साऽऽऽ. उत्तरा मॅडमचं तोंड असं पांढरं पडलं, पंतांचं शिवार जणू! मला वाटलं पंतांची उत्प्रेक्षा खरी झाली. साऽऽऽ. श्वास संपायलाय. आन् तेवढ्यात, माझ्या बाजूनं, हळूच, अगदी हळूच…

"चला घरी आताऽऽ… ओटी भरलीऽऽ…"

सगुणा! माझी ओळ! माझी पाळी! माझ्या सा वर उभी राहून तिनं ती ओळ अशी म्हणली, अशी म्हणली की… जाऊ द्या. मागून समदे आले, गाणं संपलं.

आन् टाळ्या! ते परीक्षक उठून उभे! मग भाषण: "आज मी काहीतरी विलक्षण ऐकलं. शेवटच्या ओळीत सगळे स्वर थांबवून केवळ खर्जातला षड्ज… जणू काळी माती स्वतः बोलते आहे! आणि त्या मातीतून, बोंड फुटावं तसा, त्या माउलीचा स्वर! उत्तराताई, अरेंजमेंटमधलं हे धाडस तुम्हाला सुचलं कसं?"

उत्तरा मॅडमनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. ती म्हणली, "ते… काकांचं योगदान आहे."

ढाल आली की वो! अरेंजमेंटची ढाल! मी ओरडून सांगायलोय, "अरे बाबांनो, मी चुकलो! चुकलो मी!" कोण ऐकतंय? आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या ना मी, पंतांच्या छत्रीत भुईमुगाची टरफलं भरली, माणिकरावांच्या बुलेटला घुंगरू बांधलं… आता खरंच चुकलो तर म्हणायलेत, "सीतारामानं मुद्दाम केलं! बेरकी माणूस! आधी कुणाला सांगितलं बी न्हाई!" पंत म्हणले, "सीतारामजी, हा तुमचा नम्रपणा आहे." आता काय बोलायचं ह्या सज्जनाला?

फकस्त एका माणसाला कळलं. येताना एसटीत खिडकीकडं बसलेली सगुणा, मांडीवर ढाल, बाहेर बघतच म्हणली, "चुकलाव ना?"

"मुद्दाम केलं."

"कान लाल झाले व्हते तुमचे."

मी इचारलं, "माझी ओळ कामून घेतली?"

"तुमी सा धरलाव म्हणून. न्हाईतर कशावर उभी राहून म्हणणार व्हते?" मी जरासा फुगलो. तर लगेच म्हणती, "आन् तसं बी लग्न झाल्यापासून तुमी एकाच सुरात बोलायलाव. मला सवय हाय."

आता झालंय असं, की उत्तरा मॅडमनं पुढच्या वर्षीचं गाणं बांधलं. विहिरीची पाळी समद्यायला. माणिकराव, पार्वतीबाई, आमची सगुणा. आन् मला? "काका, तुम्हाला आता हलवायचं नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सा. लोक ऐकायला येतील!" म्हणलं, "मॅडम, माझी पाळी?" म्हणली, "पाळी काकूंकडे वर्ग केली." फेरफार! न इचारता फेरफार!

आन् माझी पोरं? ज्यायनी एका खुर्चीचं अंतर कमी केलं न्हाई, ती आता एक झालीत. कशावर? तर आबाचा सा आपल्या महिन्यात नको ह्यावर! थोरला म्हणतो, "नागनाथ, माझी म्हैस व्यायची हाय, सा तिकडं न्ये." धाकला म्हणतो, "दादा, तुझा महिना अजून संपला न्हाई, सा तुझ्याकडंच!"

मी काय म्हणणार? तो सा मीच कसला की वो! रात न्हाई दिवस न्हाई कसला, आता ज्यानं कसला त्याच्याच नावावर चढला. परवा तलाठी भेटला चौकात, लेकाचा हसत म्हणला, "काय आबा, सातबाऱ्यावर तुमचं आता काय राहिलंय?"

म्हणलं, "राहिलंय की बाबा. 'तबारा' पोरायनी नेला… माझ्या वाटणीला 'सा' आलाय."